अभ्यासिकेतल्या पोरांना 'कासव' दाखवायचाय, पण कसा?

पूर्णाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात नवी पेठेत अभ्यासिका चालवतो. ६४ खुर्च्या. मूळ गाव परभणी जिल्ह्यात. २००९ साली राज्यसेवेसाठी पुण्यात आलो, दोनदा मुख्य दिली, एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, पोस्ट निघाली नाही. २०१६ ला अभ्यास थांबवला आणि ज्या अभ्यासिकेत बसायचो तीच चालवायला घेतली. कॉट बेसिसवरची खोली, रविवारी संध्याकाळी बंद असलेली मेस, घरून फोन आला की जिन्यात जाऊन "चाललंय चांगलं, यंदा होईल" म्हणणं, हे सगळं मी अंगावर काढलेलं आहे.

गेल्या ऑक्टोबरात माझ्याकडच्या एका मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. रूम पार्टनर त्या दिवशी मेसवरून लवकर परतला म्हणून वाचला. वय २७. सकाळी साडेसहाला दाराशी पहिली चप्पल त्याचीच असायची. राज्यसेवेचा पॅटर्न वर्णनात्मक झाल्यापासून, म्हणजे पर्याय निवडायच्या जागी लांब उत्तरं लिहायची झाल्यापासून, हादरला होता. चार वर्षं केलेलं सगळं एका रात्रीत शिळं झालं, म्हणायचा. पण असं तर निम्मी अभ्यासिका म्हणते.

आदल्या आठवड्यात त्याने राज्यघटनेच्या हाताने लिहिलेल्या चार वह्या शेजारच्या नव्या मुलाला देऊन टाकल्या. मी समोर उभा होतो. चार वर्षांच्या नोट्स कुणी अशा देतं का? हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मला वाटलं, मोठ्या मनाचा पोरगा आहे. त्या वह्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय बोललो तेही लिहितो, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मी म्हणालो, "का रे असं केलंस? घरच्यांचा तरी विचार करायचास." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर मामा आले, वडील आले, दोन वर्गमित्र आले. जो आला त्याने हेच विचारलं, आणि प्रत्येक वेळी तो भिंतीकडे वळला.

डिसेंबरात एका जुन्या मित्राने 'कासव' बघ म्हणून सांगितलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१६ सालचा. बघितला, आणि दुसऱ्या दिवशी परत बघितला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक तरुण मुलगा (आलोक राजवाडे) स्वतःला संपवायचा प्रयत्न करून भरकटत निघालाय. जानकी नावाची बाई (इरावती हर्षे) त्याला आपल्याबरोबर कोकणातल्या घरी घेऊन जाते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, आणि कासवं वाचवायचं काम करणाऱ्या दत्ताभाऊंना (डॉ. मोहन आगाशे) मदत करते आहे. तू कोण, कुठला, काय झालं, असं ती त्या मुलाला खोदून विचारत नाही. तो चिडतो, तुसडेपणा करतो, गप्प बसतो. ती त्याला राहू देते. सिनेमाभर मला दवाखान्यातला मी दिसत होतो.

तर, अभ्यासिकेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना हा सिनेमा दाखवावा असं मनात आहे. माझा भागीदार म्हणतो, नको, ज्यांच्या डोक्यात नाही त्यांच्याही डोक्यात भरवशील. सुरुवातीचा भाग मलाही जड गेला होता. सगळ्यांना एकदम दाखवू का? नंतर काय बोलू? मी काही डॉक्टर नाही. आणि तो मुलगा जानेवारीपासून परत येतोय, त्याच खुर्चीवर बसतोय. त्याला बोलवू, की त्या दिवशी येऊ नको म्हणू?


चौथी_रांग | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

दाखवाच. मी फिल्म सोसायटीत वाढलेला माणूस आहे आणि या जोडीचे बहुतेक सिनेमे मोठ्या पडद्यावर पाहिलेत. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, मराठीतलं पाचवं. तरी थिएटरात तो फार लोकांपर्यंत पोचला नाही याची मला खंत आहे. सुमित्राबाईंचं शिक्षण समाजकार्याचं होतं, टाटा इन्स्टिट्यूटमधलं, आणि ते दिसतं. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश, इथे नैराश्य. आजारी माणसाच्या आजूबाजूचे लोक काय करतात याकडे त्या बघतात. आगाशे तर स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि या सिनेमाचे एक निर्मातेही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. असा खेळ करायला निर्मात्यांची परवानगी मागा. कुठून तरी उतरवलेली प्रत लावू नका. आणि सिनेमा संथ आहे हे पोरांना आधीच सांगून ठेवा. त्या संथपणातच सगळं आहे, पण सकाळपासून चालू घडामोडी वाचून आलेल्या मुलाला पहिली वीस मिनिटं अवघड जातील.


शमी | ५ फेब्रुवारी, दुपारी २.३०

मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे, चौदा वर्षं झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही मनापासून विचारलंय.

आधी त्या वह्यांबद्दल. तुम्हाला तेव्हा कळलं नाही, आता कळलंय, आणि पुढच्या वेळी कळेल. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, उधारी घाईघाईने फेडणं, बरेच दिवस उदास असलेला मुलगा अचानक शांत आणि हसतमुख होणं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हे वाक्य पुन्हा पुन्हा येणं. ही चिन्हं ओळखायला डॉक्टर लागत नाही, रोज बघणारा माणूस लागतो. अजून एक. मुलग्यांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. ते चिडचिडीतून दिसतं, भांडणातून, दारूतून, गाडी बेफाम चालवण्यातून. घरचे म्हणतात माजलाय. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १०० मागे सुमारे ७२ पुरुष होते, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. आमच्या ओपीडीच्या बाकावर मात्र तरुण मुलगे स्वतःहून आलेले क्वचित दिसतात. आई किंवा बहीण हाताला धरून आणते.

भागीदाराची भीती खरी आहे, पण चुकीच्या जागी आहे. आत्महत्येबद्दल बोलल्याने किंवा विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. यावर भरपूर संशोधन झालंय. ज्याच्या मनात आधीच आहे त्याला उलट हायसं वाटतं. धोका असतो तो कसं केलं याच्या तपशिलात, आणि मरण म्हणजे सुटका असं रंगवण्यात. म्हणून सुरुवातीच्या भागात काय आहे हे आधी शब्दांत सांगा, आणि ज्याला नको असेल त्याने नंतर आत यावं, कुणी त्याला हसणार नाही, हेही सांगा. ६४ जणांना एकदम नको. दहा-बारा मुलं बोलवा, गोल बसवा. मोठ्या घोळक्यात मुलगे विनोद करतात, आणि ज्याला बोलायचं असतं तो त्या विनोदांखाली दबतो.

जानकी काही विचारत नाही हे तुम्हाला भिडलं, मलाही भिडलं. पण यातून "काहीच विचारायचं नाही" असा धडा घेऊ नका. "का केलंस?" या प्रश्नाला उत्तर नसतं आणि तो आरोपासारखा लागतो. तो सोडा. एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असाच, याच शब्दांत, शांतपणे. "डोक्यात काही उलटसुलट नाही ना?" असं विचारलं की मुलगा नाही म्हणतो, कारण तुम्हाला 'नाही' ऐकायचंय हे त्याला कळतं. हो म्हणाला तर दचकू नका. आईची शपथ घालू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याने काही जमवून ठेवलं असेल तर ते त्याच्या खोलीतून हलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, तरी माहीत असणारे कमी भेटतात. तो तुमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, फीच्या बोर्डाशेजारी नको.

त्या मुलाला सगळ्यांच्या आधी, एकट्याला गाठून सांगा की असं असं ठरवतोय. यायचं तर ये, नको तर नको, आणि तू नको म्हणालास तर खेळच करणार नाही. हे शेवटचं खरं असेल तरच म्हणा. तो हॉलमध्ये असेल तर कुणीही त्याच्याकडे वळून बघता कामा नये. तुम्हीही.

आणि सिनेमा संपल्यावर एवढं नक्की बोला. जानकीकडे घर आहे, समुद्र आहे, वेळ आहे, आणि ती स्वतः उपचार घेऊन सावरलेली आहे. तुमच्या मुलांकडे दोन खुर्च्यांमधलं अंतर आहे. कुणीतरी मायेचं माणूस भेटेल आणि आपण आपोआप बरे होऊ, असं घेऊन ती घरी जायला नकोत. माया लागते आणि औषधही लागतं.


देवगडकर | ५ फेब्रुवारी, रात्री ९.०५

सिनेमाचं चित्रीकरण आमच्या देवगडला झालं. पोरं कासवांबद्दल विचारतील, म्हणून थोडं लिहितो.

ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. मादी थंडीच्या दिवसांत रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून वर अंगाने दाबते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. पूर्वी माणसं अंडी काढून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमाराला वेळासला गावातल्या लोकांना घेऊन काम सुरू केलं, मग ते कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर पोचलं. आता कासवमित्र पहाटे किनारा फिरतात. मादीचे माग दिसले की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात.

पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. लाटेपासून थोडी अलीकडे, वाळूवर ठेवतात, आणि ती आपली आपण जातात. बघणारे दोरीच्या मागे. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा एक पिल्लू तीनदा लाटेने मागे फेकलं गेलं. मला राहवेना, मी दोरीखालून हात घातला. शेजारी एक म्हातारा कासवमित्र होता, त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, "उताणा पडला तर सुलटा कर. उचलून व्हरू (नेऊ) नको." कुत्रं आलं तेव्हा मात्र तोच काठी घेऊन धावला.


तिसरा_अटेम्प्ट | ६ फेब्रुवारी, रात्री १.२०

दादा, मी लातूरचा, वय २६. कम्बाइनचा (एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेचा) अभ्यास करतो. दोन वर्षांपूर्वी मीही तुमच्या त्या मुलाच्या जागी होतो, दुसऱ्या शहरात. राग मानू नका, थोडं स्पष्ट लिहितो.

सिनेमा मी पाहिलाय. अर्ध्यात बंद केला, महिन्याने उरलेला पाहिला. सिनेमा चांगला आहे. पण मला जानकीचा रागच आला होता. मला वाटलं, आमच्याकडे कोण असं येतं? आमच्याकडे येतो तो मेसवाला, उरलेले पैसे मागायला. तो राग खेळ झाल्यावर कुणी बोलून दाखवला तर बोलू द्या. लगेच समजावायला जाऊ नका.

आपल्यात दोन पोरं भेटली की पहिला प्रश्न असतो, कितवा अटेम्प्ट? मी परत आल्यावर चहाच्या टपरीवर एका सिनियरने सहज विचारलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी अर्धा मिनिट गप्प होतो, कारण त्याला कुठला म्हणायचाय तेच मला कळेना. तेव्हापासून मी तो शब्द बोलत नाही. या आयडीत आहे तेवढाच.

गोळ्यांचं पोरांना सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन आठवडे नुसतं तोंड कोरडं पडायचं आणि पुस्तकावर डोकं पडायचं. मी आठव्या दिवशी बंद केल्या. मग परत सुरू केल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, फरक पडायला तीन-चार आठवडे जातात, आणि बंद करायच्या तर मला विचारून. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मला पोह्यांचा वास आला. म्हणजे तो रोजच येत असणार, पण मला त्या दिवशी आला.

तुम्ही व्हॉट्सॅप ग्रुपवर फी थकलेल्यांची नावं टाकता का? टाकत असाल तर ते आधी बंद करा. सिनेमा नंतर.

आणि खेळ रविवारी संध्याकाळी ठेवा. मेस बंद असते, घरी सगळे एकत्र जेवत असतात, आणि आपण खोलीवर बिस्किट खात बसलेलो असतो. आठवड्यातली सगळ्यात वाईट वेळ तीच. खिचडी करा.


कोर्टनाका | ६ फेब्रुवारी, सकाळी १०.४५

वकिलीच्या बाजूने थोडंसं. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात किंवा खोटं कारण सांगतात, म्हणून लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाला २०१८ मध्ये. त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, ती प्रक्रिया आहे. त्यामुळे मुलावर गुन्हा लागत नाही. डॉक्टरांना खरं काय ते सांगा, उपचार त्यावरच ठरतात.


एक_बाप | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

मी शेतकरी आहे. मुलगा टाइप करून देतोय. त्यानेही तसा प्रयत्न केला होता, तोच हा मुलगा.

आम्हाला फोन आला तेव्हा एवढंच सांगितलं, "ताबडतोब निघा." काय झालं ते सांगितलं नाही. रात्रीची एसटी, अकरा तास. मी आणि त्याची आई एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दोघांनीही मनात धरलं होतं की गेला. तुमच्यावर परत अशी वेळ न येवो, पण आली तर बापाला पहिल्या वाक्यात सांगा की जिवंत आहे. बाकीचं मग सांगा.

आणि आम्ही गेल्यावर मीही तेच विचारलं, का केलंस म्हणून. दुसरं काय विचारतात ते आम्हाला माहीतच नव्हतं.


पूर्णाकाठ | ६ फेब्रुवारी, रात्री ११.५५

सगळं दोनदा वाचलं.

@तिसरा_अटेम्प्ट, हो, टाकत होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला, नावं आणि पुढे रक्कम. त्या मुलाचं नावही सप्टेंबरच्या यादीत होतं, १,२०० रुपये. तुझं वाचल्यावर जाऊन बघितलं. आज यादी काढून टाकली. इथून पुढे ज्याचं त्याला एकट्याला सांगणार.

@एक_बाप, मीही त्याच्या वडिलांना "लगेच या" एवढंच म्हणालो होतो. ते हिंगोलीहून आले. उद्या त्यांना फोन करणार आहे.


पूर्णाकाठ | २ मार्च, रात्री ११.३०

काल रविवारी खेळ झाला. परवानगी मिळाली, प्रोजेक्टर एका मित्राचा आणला. अकरा मुलं होती.

त्या मुलाशी आधी बोललो होतो. जिन्यात, दोघंच. तो म्हणाला, दाखवा, पण मी बघणार नाही, मी खिचडी करतो. मी म्हणालो बरं. आमच्याकडे मागच्या बाजूला एक ओटा आहे, तिथे त्याने पाच किलोच्या पातेल्यात मसालेखिचडी टाकली. मध्ये एकदा दारात येऊन उभा राहिला, हातात झारा होता. पडद्यावर समुद्र होता. पाच-सात मिनिटं उभा होता. मी वळून बघितलं नाही, शमीताई. फार अवघड गेलं, पण नाही बघितलं.

सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे दोन मुलं दहा-पंधरा मिनिटांनी आत आली. कुणी काही बोललं नाही. सिनेमा संपल्यावर मी दिवे लगेच लावले नाहीत. मग सगळ्यांना बसवून ठरवलेलं सगळं बोललो: औषधांचं, १४४१६ चं, पोलिसांचं. कासवांचं देवगडकरांनी लिहिलं होतं ते मोबाइलवरून वाचून दाखवलं, आणि "व्हरू नको" वर दोन मुलं हसली. चर्चा म्हणावी तशी झाली नाही. एक जण म्हणाला, सर, असं घर कुणाला मिळतं? मला तिसरा_अटेम्प्टचं वाक्य आठवलं, मी फक्त हो म्हणालो. मग ताटं वाढली.

सगळे गेल्यावर एक मुलगा भांडी घासायला थांबला. या मुलाचा मला कधी संशयही आला नव्हता. ग्राउंड (मैदानी चाचणीचा सराव) करतो, पीएसआयची तयारी, अभ्यासिकेत सगळ्यात जास्त आवाज त्याचाच. पातेलं घासताना तो मला म्हणाला, "दादा, तो सिनेमातला मुलगा झोपत नाही ना, तसं मला दोन महिने होतंय." माझे हात थरथरायला लागले. नळ बंद केला आणि विचारलं, शमीताईंनी लिहिलं होतं त्याच शब्दांत. तो बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिला. मग हो म्हणाला.

खिचडी करणारा तेव्हा ओटा पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं, येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. काही विचारलं नाही. रात्री सव्वाअकराला आम्ही १४४१६ लावला, फोन मधे ठेवला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, पाऊण तास. रात्री तिघंही हॉलमध्येच सतरंजीवर झोपलो. खोलीवर त्याने जे ठेवलं होतं ते त्याने स्वतः सांगितलं, ते मी पहाटे जाऊन उचललं. आज सकाळी मनोविकार ओपीडीत केसपेपर काढला. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. त्याच्या बहिणीला फोन केला. पहिल्या वाक्यात सांगितलं की तो माझ्यासमोर बसलाय आणि चहा पितोय.

एक विचारायचंय. गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्यात. त्या त्याच्याकडे ठेवू द्याव्या की मी ठेवू? त्याला अपमान वाटेल का?


शमी | ३ मार्च, सकाळी ७.१०

तुम्ही ठेवा. रोजची रोज द्या, आणि त्याला कारण सरळ सांगा: सुरुवातीचे काही आठवडे आम्ही सगळ्यांनाच असं करायला सांगतो. हे खरं आहे. अपमान वाटला तर तसं म्हणू दे, तरी द्यायच्या पद्धतीत बदल करू नका. खोलीवरची आणि अभ्यासिकेतली प्रथमोपचाराची पेटीही कुलपात ठेवा. मधल्या दिवसांत त्याला बिघडल्यासारखं वाटलं तर मंगळवारची वाट बघू नका, सरळ घेऊन या.

पुढच्या मंगळवारी त्याला एकटं पाठवू नका. आमच्याकडे तरी नऊ वाजताच रांग जिन्यापर्यंत येते आणि मुलं तिथूनच परत जातात. साडेआठला पोचा, सोबत डबा घ्या.